सेकंड हँड ऑटोमॅटिक गाडी घेतलीय? मग गिअरबॉक्सच्या ऑइलचं एवढं बघाच

गाडी घेताना आपण काय काय बघतो? रंग, टायर, एसी, सीट कव्हर, किलोमीटर. फारच जाणकार असलो तर बोनेट उघडून इंजिन ऑइलची पट्टी ओढून बघतो. मीही तेवढंच केलं होतं. माझी गाडी २०१२ सालची होंडा सिटी, ऑटोमॅटिक. आधीच्या मालकाने इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललं होतं, बिलं जपून ठेवली होती. गिअरबॉक्सच्या ऑइलचं मात्र एकही बिल नव्हतं. ते मला दोन महिन्यांनी कळलं आणि पुढचा गोंधळ तिथून सुरू झाला. तो तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितोय.

मॅन्युअल गाडीचं गिअर ऑइल मुख्यतः दात्यांना वंगण देतं. ऑटोमॅटिकमध्ये ऑइलच सगळं काम करतं. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला ऑइलने भरलेला जोड) पुढे जाते ती ऑइलच्याच जोरावर, आतल्या क्लच प्लेटा दाबल्या जातात त्या ऑइलच्या प्रेशरने, आणि तयार झालेली उष्णता बाहेर नेतं तेही ऑइलच. त्यामुळे लेव्हल थोडी कमी-जास्त झाली किंवा ग्रेड चुकला, तरी त्याचा परिणाम थेट गाडी चालण्यावर होतो.

१. आधी गिअरबॉक्स कोणता ते ओळखा

ही पायरी सोडून पुढे जाऊ नका. आपल्याकडे दोन पेडलांची गाडी दिसली की सगळे ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, पण त्या नावाखाली चार वेगळ्या जातीचे गिअरबॉक्स आहेत आणि चौघांचं ऑइल वेगळं.

एएमटी: हा खरं तर मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी यंत्रणा करते. २०१४ साली सेलेरियोपासून हा प्रकार आपल्याकडे रुळला. यात एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागत नाही, साधं मॅन्युअलचं गिअर ऑइल लागतं. काही एएमटींमध्ये क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेची हायड्रॉलिक ऑइलची छोटी टाकी वेगळी असते, तिची लेव्हल वेगळी बघावी लागते. एएमटी ओळखायची सोपी खूण म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक एएमटी गाड्यांच्या लिव्हरवर ‘पी’ (पार्क) नसतो.

टॉर्क कन्व्हर्टर: जुना, खराखुरा ऑटोमॅटिक. एटीएफ म्हणतात ते ऑइल याचं. इनोव्हा क्रिस्टाचा सहा गिअरचा बॉक्स या जातीचा.

सीव्हीटी: यात ठरावीक गिअरच नाहीत. दोन पुली आणि त्यांच्यामधून फिरणारा पोलादी पट्टा. हा पट्टा पुलीवर घट्ट धरला जाणं ऑइलच्या गुणावर अवलंबून असतं, म्हणून याचं ऑइल स्वतंत्र. सीव्हीटीत साधं एटीएफ ओतलं की पट्टा घसरायला लागतो आणि पुलीवर ओरखडे पडतात. त्यानंतर ऑइल बदलून उपयोग नसतो.

डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाला: यातही ‘ड्राय’ (कोरडे क्लच) आणि ‘वेट’ (ऑइलमध्ये बुडालेले क्लच) असे दोन पोटप्रकार. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सहा गिअरच्या वेट डीएसजीला (त्यांच्या डीसीटीचं नाव) दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलायला कंपनीच सांगते. सात गिअरच्या ड्राय डीएसजीचा हिशोब पूर्ण वेगळा.

गाडीच्या नावावर अजिबात विसंबू नका. ब्रेझाचंच बघा: २०१८ मध्ये डिझेलला एएमटी, २०२० मध्ये पेट्रोलला चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि २०२२ मध्ये सहा गिअरचा. माझी सिटी पाच गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरची, तर २०१४ नंतरची सिटी सीव्हीटी. शेजाऱ्याच्या सिटीत काय घातलं ते विचारून मी ऑइल आणलं असतं तर बॉक्स गेलाच असता. ओनर्स मॅन्युअल काढा, आपल्या मॉडेलचं आणि सालाचं पान बघा. पुस्तक गाडीसोबत मिळालं नसेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं.

२. कागद आणि सामान

कागद फार लागत नाहीत. ओनर्स मॅन्युअल, जुनी सर्व्हिस बिलं आणि आरसीची प्रत. आरसीवरचा चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलात तर तिथल्या नोंदींत गिअरबॉक्स ऑइल कधी बदललं होतं का ते बघता येतं. गाडी घ्यायच्या आधीच हे करा, आणि विक्रेत्याला सोबत घेऊन जा. तो टाळाटाळ करायला लागला तर त्याचा अर्थ तुमचा तुम्ही लावा. किलोमीटर मागे फिरवलेत का, हेही त्याच नोंदींवरून कळतं.

नुसतं तपासायचं असेल तर:
- धागे न सुटणारं स्वच्छ कापड किंवा जाड टिश्यू (बनियनचा तुकडा नको, त्याचे तंतू आत गेले तर व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइल कुठे जायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत अडकतात)
- टॉर्च
- पांढरा कागद

स्वतः बदलायचं असेल तर यात भर:
- जॅक, दोन जॅक स्टँड, चाकांना लावायला विटा किंवा लाकडी ठोकळे
- योग्य मापाचे पाने, रॅचेट, जमल्यास टॉर्क रेंच (किती जोर लावला ते मोजणारा पाना)
- ड्रेन प्लगचा नवा वायसर
- लांब नळीचं नरसाळं, जे दुसऱ्या कुठल्याही ऑइलला वापरलेलं नाही
- लिटरच्या खुणा असलेलं भांडं
- हातमोजे आणि रिकामे कॅन

३. घ्यायच्या आधीची चक्कर

विक्रेत्याला सांगून ठेवा की इंजिन थंड असू द्या. तुम्ही पोचेपर्यंत त्याने गाडी ‘गरम करून’ ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड गाडी सुरू करून ब्रेकवर पाय ठेवून आधी ‘डी’, मग ‘आर’ टाका. साधारण सेकंदाभरात गाडीने गिअर पकडल्याचं जाणवलं पाहिजे. दोन-तीन सेकंद काहीच न होता मग धाडकन झटका बसला, तर लेव्हल कमी आहे किंवा आत झीज झालीय.

मग रस्त्यावर या. गिअर बदलताना इंजिनाचे आरपीएम उगीच वर चढून गाडी मागे राहते का, ते बघा. ४० ते ७० च्या वेगात ॲक्सिलरेटर हलका आणि स्थिर ठेवून जा. रस्ता गुळगुळीत असूनही गाडी रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथरली तर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचची (स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) किंवा खराब ऑइलची शंका घ्या. निव्वळ ऑइलमुळे असेल तर ऑइल बदलून ही थरथर जाऊ शकते. विक्रेता मात्र छातीठोकपणे म्हणेल, “ऑइल बदललं की होईल.” तुम्ही म्हणा, “मग बदलून द्या, नंतर व्यवहार करू.”

४. डिपस्टिक असेल तर

मेकॅनिक तिला गेज म्हणतात. इंजिन ऑइलची डिपस्टिक वेगळी, ही वेगळी. बऱ्याचदा ती खाली, गिअरबॉक्सच्या अंगाला, बॅटरी किंवा एअर फिल्टरच्या आड लपलेली असते. दोन्हींच्या मुठी सारख्या दिसत असतील तर मॅन्युअलमधलं चित्र बघितल्याशिवाय काही ओतू नका.

सर्वसाधारण पद्धत अशी:
अ) पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून गिअरबॉक्स गरम करा. ऑइल तापलं की फुगतं, त्यामुळे थंड असताना घेतलेलं माप गरमच्या खुणेशी जुळत नाही. काही डिपस्टिकवर थंड आणि गरम अशा दोन जोड्या असतात. निर्णय गरमच्या खुणेवर.
आ) सपाट जागा. सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प सपाट नसतो, कितीही सपाट वाटला तरी.
इ) हँडब्रेक, ब्रेकवर पाय, आणि लिव्हर सगळ्या जागांवरून सावकाश फिरवून परत ‘पी’.
ई) डिपस्टिक काढा, तिच्या तोंडाभोवतीची धूळ आधी पुसा, पट्टी पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून वाचा. दोन्ही बाजू वाचा. वेगळ्या दिसल्या तर खालची धरा आणि पुन्हा एकदा मोजा.

आता सापळा. बहुतेक जुन्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत हे माप इंजिन सुरू ठेवून घ्यायचं असतं. होंडाच्या माझ्यासारख्या जुन्या बॉक्समध्ये मात्र इंजिन गरम करून बंद करायचं आणि साधारण मिनिटा-दीड मिनिटाच्या आत बघायचं. काही जुन्या ह्युंदाई आणि मित्सुबिशींमध्ये लिव्हर ‘पी’वर नाही, ‘एन’वर (न्यूट्रल) ठेवायचा.

माझा घोळ इथेच झाला. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये मी नुसतं “बघून घ्या” म्हणून गाडी दिली. त्यांनी इतर गाड्यांच्या सवयीने इंजिन चालू ठेवून पट्टी बघितली. इंजिन चालू असताना पंप ऑइल ओढून कन्व्हर्टरमध्ये नेतो, साहजिकच खाली लेव्हल कमी दिसली. “साहेब, ऑइल कमी आहे,” म्हणत त्यांनी टॉप-अप केलं. मीही आभार मानून पैसे दिले. पुढच्या रविवारी साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी घाट चढताना गिअर सुटल्यासारखे व्हायला लागले. वर पोचून बोनेट उघडलं तर जळक्या ऑइलचा वास आणि ब्रीदरच्या (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारी नळी) तोंडापाशी लाल ओघळ. जास्तीचं ऑइल आतल्या फिरत्या भागांनी घुसळून त्याचा फेस झाला होता. फेसाला प्रेशर धरता येत नाही, म्हणून गिअर सुटत होते. नंतर दुसऱ्या मेकॅनिकने योग्य पद्धतीने मोजून जवळजवळ पाऊण लिटर ऑइल काढलं. बॉक्स वाचला, हे नशीब.

तेव्हापासून मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये असतो आणि कुणीही पट्टीला हात लावायच्या आधी मी तो दाखवतो. मेकॅनिकला राग येतो. येऊ दे.

५. डिपस्टिक नसेल तर

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ती नसतेच. तिथे गिअरबॉक्सला एक चेक प्लग असतो. गाडी चारही चाकांवर सारखी उचलून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावर तो प्लग उघडायचा. बारीक धार येऊन थेंब थेंब पडायला लागलं म्हणजे लेव्हल बरोबर. तापमान हाताने अंदाज घेऊन चालत नाही, स्कॅनर (गाडीच्या संगणकातून आकडे वाचणारं यंत्र) लावून वाचावं लागतं. टोयोटाच्या बॉक्सांना साधारण ४० अंशांच्या आसपास, ह्युंदाईच्या सहा गिअरवाल्यांना ५० ते ६० अंश. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा, तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

हे काम घरी करू नका. गॅरेजमध्ये एकच प्रश्न विचारा: “लेव्हल कुठल्या टेम्परेचरला सेट करणार?” आकडा सांगून स्कॅनर दाखवला तर गाडी द्या. “बाहेर यायला लागलं की बंद करायचं, त्यात काय” असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

६. रंग, वास, थेंब

डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाच-दहा मिनिटं थांबा. चांगलं ऑइल पसरतं आणि रंग पारदर्शक राहतो. मधोमध काळा ठिपका राहिला, पसरलंच नाही, तर ते थकलंय.

नवं एटीएफ बहुधा लाल असतं, पण सगळं नाही. काही सीव्हीटी ऑइलं हिरवट, काही मधासारखी. म्हणून ‘लाल नाही म्हणजे खराब’ असं धरू नका. तपकिरी झालं असेल तर बदलायची वेळ आली. काळपट आणि वास करपलेला असेल तर क्लच प्लेटा जळताहेत.

सगळ्यात वाईट म्हणजे दुधात रूहअफझा घातल्यासारखा गुलाबी, दाट रंग. म्हणजे ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळलंय. एक तर रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटलाय, नाही तर गाडी पुरात उभी होती. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, २०२१ चा चिपळूणचा पूर, यांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या जाऊ शकतात. सीट बदलता येतात, कार्पेट बदलता येतं. ब्रीदरमधून गिअरबॉक्सात गेलेलं पाणी बाहेरून दिसत नाही. ते क्लच प्लेटांच्या अस्तराचा गोंद सोडवतं. असं ऑइल दिसलं तर किंमत कितीही पाडून दिली तरी गाडी घेऊ नका.

७. ऑइल कोणतं?

मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते. दुकानदार म्हणतो ते नाही. होंडाच्या जुन्या झेड-१ ची जागा कंपनीच्या डीडब्ल्यू-१ ने घेतली, म्हणून माझ्या गाडीला तेच. २०१४ नंतरच्या सिटीच्या सीव्हीटीला एचसीएफ-२. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरवाल्यांना एसपी-३ आणि सहावाल्यांना एसपी-४. टोयोटाचं टी-४ आणि डब्ल्यूएस एकमेकांत मिसळायचं नाही. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेले डबे असतात, त्यांपासून सीव्हीटीवाल्यांनी तरी लांब राहावं.

पुण्यात नाना पेठेत सुटे भाग स्वस्त पडतात, मीही बरंच काही तिथून घेतो. ऑइल मात्र कंपनीच्या अधिकृत पार्ट्स काउंटरवरून, बिलासकट. सील आणि पार्ट नंबर तिथल्या तिथे बघा.

८. बदलणं

दोन पद्धती. एक मशीन लावून सगळं ऑइल ढकलून बदलणं, ज्याला फ्लश म्हणतात. दुसरी ‘ड्रेन अँड फिल’: खालचा प्लग काढायचा, जेवढं पडेल तेवढंच नवं भरायचं. जुन्या, इतिहास माहीत नसलेल्या गाडीला मी दुसरीच सांगेन. एका फटक्यात सगळा गाळ हलवण्यापेक्षा हळूहळू स्वच्छ केलेलं बरं.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं ऑइल प्लगमधून येत नाही. माझ्या गाडीतून एका वेळी अडीच लिटरच्या आसपास आलं. दर वेळी ४० टक्के बदललं असं धरा: पहिल्यांदा ४० टक्के नवं, दुसऱ्यांदा ६४, तिसऱ्यांदा ७८. मध्ये पाचशे-हजार किलोमीटर चालवायची. मी तीनदा केलं, प्रत्येक वेळी निघालेलं ऑइल आधीपेक्षा उजळ होतं.

क्रम असा:
अ) गाडी कोमट करा. कडकडीत तापलेलं ऑइल हात भाजतं.
आ) भरायचा प्लग आधी सैल करून बघा. खालचं सगळं ऑइल सोडलं आणि वरचा प्लग जाम निघाला, तर गाडी जागच्या जागी अडकली. माझ्या गाडीत डिपस्टिकच्या भोकातूनही भरता येतं, पण सगळ्यांत तशी सोय नसते.
इ) चाकांना विटा, जॅकने उचला, जॅक स्टँडवर टेकवा, गाडी हलवून बघा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही.
ई) ड्रेन प्लग काढा. माझ्या गाडीच्या प्लगमध्ये ३/८ इंची रॅचेटचा चौकोन थेट बसतो. शेजारी इंजिन ऑइलचा प्लगही असतो, दोन्ही नीट ओळखा. चुकून इंजिन ऑइल सोडून वर एटीएफ भरणारे महाभाग आहेत.
उ) प्लगचं चुंबक बघा. राखाडी, मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज, पुसून टाका. चकचकीत तुकडे किंवा कपचे असतील तर तिथेच थांबा आणि गिअरबॉक्सवाल्याला दाखवा.
ऊ) निघालेलं ऑइल भांड्यात मोजा. हा आकडा लिहून ठेवा.
ए) नवा वायसर घालून प्लग बसवा. गिअरबॉक्सचं घर ॲल्युमिनियमचं असतं, जोर लावलात तर आटे जातील, आणि गेलेले आटे दुरुस्त करणं ऑइलच्या कित्येक पट महाग. टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्यावर थांबा.
ऐ) जेवढं काढलं तेवढंच भरा. मग गाडी खाली उतरवून, गरम करून, चौथ्या पायरीप्रमाणे पुन्हा मोजा.

काही बॉक्सांना चेंबर उघडून फिल्टर बदलावा लागतो. ते काम गॅरेजचं.

“जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स जातो” हे तुम्ही ऐकलं असेल. ज्यांचा जातो, त्यांनी बहुतेक वेळा गिअर स्लिप व्हायला लागल्यावर शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदललेलं असतं. झिजलेल्या प्लेटा नव्या ऑइलने भरून येत नाहीत. गाडी नीट चालत असताना बदललंत तर घाबरायचं कारण नाही.

९. किती किलोमीटरला?

मॅन्युअलमध्ये साधा वापर आणि कठीण वापर असे दोन आकडे असतील तर कठीणचा धरा. हिंजवडीचा ट्रॅफिक, मे महिन्याचं ऊन आणि महिन्यातून एक घाट, हा कठीण वापरच. मी ४०,००० किलोमीटर धरतो.

‘लाइफटाइम फिल’, म्हणजे ऑइल कधीच बदलायची गरज नाही, हा शब्द विक्रेते फार प्रेमाने वापरतात. अनेक मोठ्या कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. पहिल्या मालकाच्या हातची पाच-सहा वर्षं निघाली की त्याचं काम झालं. उरलेलं आयुष्य तुमच्या वाट्याचं असतं.

१०. रोजचं

घाट उतरताना ‘एन’वर टाकून गाडी सोडू नका. ब्रेकवर सगळा भार येतो आणि पेट्रोलही वाचत नाही. लिव्हरवरचे ‘एल’, ‘२’ किंवा ‘एस’ वापरा, गाडी खालच्या गिअरमध्ये राहते. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ‘डी’मधून ‘आर’ टाकू नका. बंद पडली तर इंजिनाने फिरणारी चाकं (बहुतेक गाड्यांत पुढची) जमिनीवर ठेवून दोरीने ओढत नेऊ देऊ नका: इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे आतले भाग कोरडेच फिरतात. फ्लॅटबेड मागवा, तासभर थांबावं लागलं तरी.

निघालेलं जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. नियमांनुसार तो घातक कचरा आहे. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, जुनं ऑइल गोळा करणारे तिथे येतात.

आणि बदललं त्या रात्री गिअरबॉक्सखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर भरलं ते सर्व्हिसच्या पुस्तकात लिहा. पुठ्ठ्यावर डाग असेल तर गाडी हलवायच्या आधी प्लग बघा.